तांबडीच्या पुढे चालणारी

आक्का घोडीशी बोलायची. ‘चल’, ‘हट’, ‘थांब’ एवढं तर सगळेच बोलतात. आक्का तिला घरातलं सगळं सांगायची. सकाळी बोजा चढवायला घेतला की तिची सुरुवात व्हायची ती पुढच्या मुक्कामावर खोगीर उतरेपर्यंत. भाकरी कोणाची करपली, कोणाचं लक्ष नव्हतं म्हणून मेंढरं उसात शिरली, नवरा तंबाखू किती खातो, सगळं. मी दुसरी घोडी घेऊन तिच्या मागे चालायचे. त्यामुळे माझ्याबद्दलचं तिचं मत मला घोडीच्या मार्फतच कळायचं. “कर्जतची हाय बरं का आपली शालन. बारावी झालीया. पर बोजाची गाठ बांधती ती राखी बांधल्यावानी. सुटंल का ऱ्हाईल, देवालाच ठावं.”

आक्का माझी थोरली जाऊ. आमचं घर धनगराचं, गाव पारनेरच्या माळावर. दिवाळी झाली की माळावर चारा उरत नाही. मग मेंढ्या घेऊन आमचा वाडा उतरतो आणि राहुरी, कोल्हार करत प्रवरेच्या काठाने नेवाशाकडे सरकत जातो. वाडा म्हणजे चालतं बिऱ्हाड. पुरुष मेंढ्यांमागे रानातून जातात आणि बायका घोड्यांवर संसार लादून रस्त्याने पुढच्या शेतावर पोचतात. संसार म्हणजे पालं, वाकळा, भांडी, दाण्याची पोती, रात्री मेंढ्या कोंडायचं जाळं, कोंबड्यांचं खुराडं, नुकती जन्मलेली कोकरं आणि अजून चालता न येणारी पोरं. माझ्या माहेरी शेती आणि स्लॅबचं घर. लग्न ठरताना फिरतीचं सांगितलं होतं, पण घोड्याच्या अंगाला मी कधी हातसुद्धा लावला नव्हता.

पहिल्या सकाळी आक्काने माझ्या हातात दोर दिला. मी घोडीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि बैलाला करावं तसं ‘हुर्रर्र’ केलं. आक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“तुला मागनं कुनी ढकललं तर तू जाशील व्हय गं?”

“नाही.”

“मग ती कशी जाईल? म्होरं हो. तू चाललीस की ती येती. अन् दोर हाताला गुंडाळू नको कधी. नुसता धरायचा. दोर गेला तर जाऊ दे, हात जाऊ द्यायचा न्हाई.”

तांबडी आली ती माझ्या लग्नाला दोन वर्षं झाल्यावर. ती वरातीची घोडी होती. बँडवाल्याने विकायला काढली, कारण फटाके वाजले की ती उधळायची आणि नवरदेव खाली यायचे. थोरल्या दिरांनी ती स्वस्तात आणली आणि आठवड्यात पस्तावले. खोगिराचा पोटाखालून जाणारा तंग आवळायला घेतला की ती पोट फुगवून उभी राहायची आणि अर्ध्या वाटेत श्वास सोडायची. मग तंग सैल पडून सगळा बोजा पोटाखाली. पदर दिसला की चावायची. एकदा पाटाचं पाणी ओलांडताना मधोमध थांबली, खाली वाकून पाण्याचा वास घेतला आणि बोजासकट आरामात बसली. पिठाचा डबा, वाकळा, साखर, सगळं पाण्यात. मला रडू यायचं बाकी होतं. आक्का काठावर खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “बस बाय, बस,” ती तांबडीला म्हणाली. “नवरदेवाला पाडनारी तू. आमच्या पिठाची काय कथा.”

त्या दिवसापासून तांबडी आक्काची झाली. दुसऱ्या कोणी बोजा चढवला तर लाथ ठरलेली. आक्काही तिला काही फार चांगल्या वळणावर आणू शकली नाही. पोट फुगवायची ती फुगवायचीच. आक्का तंग आवळायची, गप्पा मारत बसायची, आणि घोडीने श्वास सोडला की पुन्हा आवळायची. चावायची तर पदर खोचून घ्यायची. मी एकदा म्हणाले, “आक्का, ही सुधरायची नाही.”

“सोभाव हाय तिचा. माझा कुठं सुधरला? तुज्या भाऊजींनी काय मला बाजार दावला का?”

आक्काला मूल नव्हतं. त्याबद्दल कोणी हळहळलं तर तिला आवडायचं नाही. “ल्योक असता तर बापावर गेला असता. एक आळशी पुरं हाय,” असं म्हणून मोकळी व्हायची. माझी सोनाली झाली तेव्हा मात्र तिने बाळाला तेल लावायचं काम माझ्या हातात कधी येऊ दिलं नाही.

सोनाली अजून रांगत होती तेव्हाची गोष्ट. आमचा मुक्काम कोल्हारच्या पलीकडे हलवायचा होता. माझ्या गरीब घोडीच्या खुरात काटा मोडला होता, म्हणून तिच्यावर ओझं टाकलं नाही. सोनालीला तांबडीच्या बोजावर वाकळेत नीट बांधलं, शेजारी दोन कोकरं. प्रवरेच्या पुलावर आम्ही निम्म्यात आलो असू. मागून आलेल्या ट्रकवाल्याने अगदी जवळ येऊन हॉर्न दिला.

तांबडी उधळली. माझ्यासमोरून माझं लेकरू पुलावरून पळत जाताना मी पाहिलं. एका बाजूला गाड्या, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली नदी. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आक्काने दोर सोडला नाही. तिने तो हाताला गुंडाळून घेतला होता. ती काही पावलं पळाली, मग पडली, आणि घोडीने तिला फरफटत नेलं. पूल संपल्यावर रस्त्याकडेला बाभळी होत्या, तिथे तांबडी थरथरत थांबली. मी पोचले तेव्हा आक्का गुडघ्यावर बसली होती. लुगडं फाटलेलं, कोपर सोलून निघालेलं. सोनाली वरून टकामका बघत होती. रडलीसुद्धा नव्हती.

पुलासाठी मेंढ्या रस्त्यावर घेऊन मागून येणारे थोरले दीर धावत आले आणि त्यांनी काठी उगारली. आक्का उठून घोडीच्या आणि काठीच्या मध्ये उभी राहिली.

“मारायचं तर त्या डायवरला जाऊन मार.”

“पोरगी गेली असती आत्ता!”

“गेली का? तिनं बोजा पाडला का? भ्याली ती. भ्याल्यावर मी बी पळंन, तू बी पळशील.”

त्यांनी काठी खाली घेतली. आक्काच्या उजव्या हाताची दोन बोटं दोरात चेचली गेली होती. ती पुढे कधी सरळ झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी तो हात फडक्यात बांधून, डाव्या हाताने दोर धरून ती तांबडीपुढे चालत होती आणि तिला बजावत होती, “तुला मार बसला न्हाई म्हंजी तुजं बराबर हुतं आसं समजू नको. पोरगी आता तुज्यावर न्हाई बसायची. कदी न्हाई.” आणि खरंच, त्यानंतर सोनाली चालायला लागेपर्यंत आक्काच्या कडेवर होती.

सोनाली शाळेसाठी कर्जतला माझ्या आईकडे राहायला गेली. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या. काही वाडे घोडी विकून टेम्पोने सामान हलवू लागले. आम्ही चालत राहिलो. दुखण्याखुपण्याला आक्काचं एकच औषध होतं: “चालत्याचं दुखनं चालून जातं.” ताप आला की चाला, कंबर धरली की चाला. तिचं ते वाक्य आम्ही सगळेच हसून घ्यायचो.

एका सकाळी राहुरीकडून येताना आम्ही पाटाच्या कडेने चाललो होतो. आक्का नेहमीसारखी बोलत होती, पण आवाज खाली होता. मी कान दिला. “आज लई ठनकतीया गं. काखंपत्तूर आलीया. कुनाला सांगू? सांगितलं की वाडा थांबंल. वाडा थांबला की मेंढरं काय खात्याल?”

माझे पाय थांबले. मागून घोडीचं तोंड माझ्या पाठीवर आपटलं.

“आक्का, काय ठणकतंय?”

“मी घोडीशी बोलतीया. तू तुजी घोडी सांभाळ.”

मुक्कामावर पाल उभं राहिल्यावर मी तिला आत नेलं आणि वाट अडवून उभी राहिले. बराच वेळ तिने मला शिव्या दिल्या. मग चोळीची गाठ सोडून दाखवलं. छातीत आंब्याच्या कोयीएवढी गाठ होती, आणि वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी ओढलेली.

“कधीपासून?”

“मागल्या पावसाच्या आदीपासनं,” ती म्हणाली. “नंतर म्हनलं, जाईल चालून.”

नगरला नेलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, “मावशी, इतके दिवस का थांबलात?” आक्का म्हणाली, “थांबले कुठं, डाक्टर? थांबायलाच मिळालं न्हाई.” मला बाहेर बोलावून त्यांनी सांगितलं की दुखणं हाडांत गेलंय. सुया देऊन पाहू, पण फार आशा धरू नका.

सुयांनी तिचे केस गेले. गावाकडच्या घरात ती आणि मी राहिलो, वाडा खाली नदीकाठी गेला. तिकडून फोन यायचे की तांबडी कोणाचंच ऐकत नाही, रोज बोजा पडतो. पुरुषांचं ठरत आलं होतं: घोडी बाजारात नेऊन जो मागेल त्याला द्यायची आणि टेम्पो करायचा. आक्काने फोन माझ्या हातातून घेतला. “बाजारात न्यायची न्हाई. तिला काय कुनीबी मारत बसंल. मी बघती.”

तिने स्वतःच घर शोधलं. नेवाशाजवळ दुसरा एक वाडा उतरला होता, ओळखीतला. त्यातली जनाबाई घोडी बघायला तयार झाली. तिला एका घोडीची गरज होतीच. मी आक्काला एसटीने नेलं. माझ्या नवऱ्याने तांबडी तिथवर आणून बांधली होती. जनाबाई हाडापेराने मजबूत, पण अबोल बाई. तीन प्रश्न विचारले की एक उत्तर. तिने तंग आवळला, तांबडीने पोट फुगवलं. तिने पदर खोचला नव्हता, तोही घोडीच्या दातात गेला. ती दोर ओढायला लागली आणि घोडी चारी पाय रोवून उभी राहिली.

आक्का बाभळीखाली बसली होती. “ओढू नको. बोल तिच्याशी.”

“काय बोलू?”

“काय बी. नवऱ्याला शिव्या दे. तिला मुकी मानसं चालत न्हाईत.”

जनाबाई दोर धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं, हे जमायचं नाही. मग घोडीच्या मानेकडे तोंड करून ती हळूच म्हणाली, “माजा भाऊ गेला गं मागल्या साली. मला कुनी कळवलंच न्हाई. माती झाल्यावर कळलं.” आणि ती चालायला लागली. पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही. ती नांगरलेल्या शेताच्या कडेने चालत होती, ओठ हलत होते, मधूनच पदराने डोळे पुसत होती, आणि तांबडी मागोमाग जात होती. शेताला पुरा वेढा झाला तरी ती थांबली नाही. दुसरा सुरू केला.

“आता जमंल,” आक्का म्हणाली.

निघताना आक्काने तांबडीच्या कपाळावर हात ठेवला. डोक्याला गुंडाळलेल्या फडक्याचं टोक लोंबत होतं, ते तांबडीने दातात धरून ओढलं. आक्काचं डोकं उघडं पडलं. तिने फडकं सोडवून घेतलं, झटकलं आणि पुन्हा बांधलं. “शेवटपत्तूर द्वाडच निघालीस,” असं म्हणून ती रस्त्याकडे चालू लागली. एसटीत खिडकीशी बसली आणि पारनेरपर्यंत एक शब्द बोलली नाही. इतका वेळ गप्प असलेली आक्का मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्यानंतर ती फार राहिली नाही. पत्र्याखाली झोप येत नाही म्हणाली, म्हणून मी तिची बाज अंगणात काढली. दुखायचं फार, पण कण्हायची नाही. सोनाली कर्जतहून भेटायला आली तेव्हा तिचा हात हातात घेऊन म्हणाली, “शिकून मास्तरीन हो, न्हाईतर काय बी हो. फकस्त आईसारखी गाठ बांधू नको.” एका सकाळी मी चहा गाळून आणेपर्यंत ती गेली होती. पुरुष मोटरसायकलींवर मातीला आले. थोरले दीर एका बाजूला बसून राहिले. संध्याकाळी त्यांना परत जावं लागलं, कारण मेंढ्या शेजारच्या वाड्याच्या भरवशावर सोडल्या होत्या.

दहावा झाल्यावर मी वाड्यात गेले. दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलला. नव्या शेतावर आम्ही उरलेली घोडी घेऊन पोचलो तेव्हा मेंढ्याही येऊन लागल्या होत्या. कोणीच बोजा उतरवेना. सगळे उभेच. मला आधी कळेना की काय झालं. मग लक्षात आलं, वारा कुठून येतो, ओल कुठं आहे, हे बघून पहिली चूल कुठं मांडायची ते आक्का दाखवायची, आणि तिच्याभोवती मग बाकीचा वाडा बसायचा. सगळे त्या आवाजाची वाट बघत उभे होते.

आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही. इतक्या वर्षांत त्यांना काही सांगायचं असलं तर ते आक्काच्या किंवा माझ्या नवऱ्याच्या तोंडून यायचं. त्या दिवशी ते माझ्यापासून चार हातांवर येऊन थांबले. खाली बघत म्हणाले, “शालन, चूल कुठं मांडायची?”

मी बांधाच्या आडोशाची जागा दाखवली. चुलीच्या कामाला आमच्याकडे पुरुष हात लावत नाहीत. ते गेले, बांधावरून तीन दगड निवडून आणले, एकेक ठेवून हलतो का ते तळव्याने दाबून पाहिलं. मग आमच्याकडे पाठ करून त्या दगडांपाशी बसले. आम्ही बोजे उतरवायला सुरुवात केली. त्यांना कोणी उठवलं नाही.