उमापूरच्या गायरानावरचा शिक्का

तहसीलदारसाहेबांनी निकाल लिहायला टाक दौतीत बुडवला, तेव्हा मी म्हणालो, "साहेब, जरा थांबावं."

भर कचेरीत पेशकारानं साहेबांना थांबवायची रीत नव्हती. मिसल, म्हणजे दाव्याचे सगळे कागद, वाचून दाखवायची आणि गप्प बसायचं, एवढंच आमचं काम. पण एक कागद मला सकाळपासून टोचत होता.

दावा उमापूरच्या गायरानाचा होता. पाटलांचं म्हणणं, ही जमीन आमच्या पणजोबांना इनाम मिळालेली. पुराव्याला फारसीतली सनद, ऐंशी वर्षांपूर्वीची. समोर बिरू धनगर उभा. त्याच्याकडे कागद नव्हता, मेंढरं होती. गायरान गेलं तर ती विकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

मी सनदेवरचा शिक्का दाखवला : अव्वल तालुकदार, जिल्हा बीड. अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा सगळ्यांत मोठा अंमलदार. शिक्का जितका मोठा तितकं काम पक्कं, असा लिहिणाऱ्याचा हिशेब असणार.

"सनदेच्या साली हैदराबाद रियासतीत जिल्हेच नव्हते, साहेब. ते नंतर पाडले. मग जिल्ह्याचा शिक्का आला कुठून?"

साहेबांनी दप्तरातून जिल्हे पाडल्याचा जुना हुकूम काढवला, साल पाहिलं आणि टाक खाली ठेवला. पाटील उपरण्यानं मान पुसू लागले. सनद नामंजूर झाली, गायरान गावाचं राहिलं. साहेबांनी पाटलांना सज्जड दम देऊन सोडलं.

बाहेर बिरूनं विचारलं, हे कुठं शिकलात. हैदराबादेला, कॉलेजात, इतिहास घेतला होता, मी म्हणालो.

"लई कामाचं हाय की," तो म्हणाला. "आमाला वाटायचं, तितं निस्ती मेलेल्या राजांची नावं पाठ करत्यात."

माझ्या वडिलांनाही तेच वाटायचं. वकिली सोडून इतिहास घेतला म्हणून ते माझ्याशी सहा महिने बोलले नव्हते. त्या दिवशी मी घरी गेलो तो छाती काढूनच. वडिलांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, पगार वाढला का?

महिनाभरानं पाटील घरी आले. मी जरा बिचकलोच. त्यांनी चहा घेतला, मग म्हणाले, "पेशकारसाहेब, थोरल्याला कॉलेजात घालतोय. तुमचा तो इतिहास घ्यायला सांगा त्याला."

"वकिली नको?"

"वकील काय, कवाबी मिळतो. कागद टिकंल का न्हाई, ते आदीच सांगनारं घरचं मानूस पायजे."

इतिहासाची किंमत वडिलांना शेवटपर्यंत पटली नाही. पाटलांना एकाच निकालात पटली.