मूठभर गहू

मुलगी अकरा वर्षांची असताना तिचा गहू बंद झाला. पोट सतत बिघडायचं, उंची थांबली होती, ओठ पांढरे पडले होते. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं, हिला गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, बिस्किटं, शेवया, कुरडई, सगळं कायमचं बंद. "कणभरसुद्धा नाही," असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले.

अमडापूरला परत आलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, गावात सगळे ओळखीचे. तरी किराणा दुकानात उभं राहून "गव्हाशिवाय काय आहे?" असं विचारताना मला लाज वाटली. दुकानदारानं तांदूळ दाखवला. ग्लूटेन हा शब्द त्यानं ऐकला नव्हता, मीही त्याच आठवड्यात ऐकला होता. रस्ता शेवटी बायकोनं काढला. तिनं उपवासाचा कप्पा धरला. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. जे उपवासाला चालतं त्यात गहू नसतो. फक्त बंद पुड्यातलं घ्यायचं, कारण सुट्या पिठांना आणि कणकेला दुकानात माप एकच. महिनाभरात दुकानदार मुलीला म्हणाला, "काय वं बाई, तुमच्या घरी रोजच एकादशी हाय काय?"

"हाव काका," ती म्हणाली, "फक्त पुण्य भेटत नाई."

दुकानातले सगळे हसले. तिला असं बोलता यायचं. मला कधी आलं नाही.

दोन महिन्यांनी बायकोला कळलं की फोडणीच्या हिंगातही मैदा असतो. डबी पालथी करून बारीक अक्षरं तिनं मला वाचायला लावली आणि मग ती डबी हातात घेऊन बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. त्या दिवसापासून आमच्या घरात हिंग नाही.

राहिली ज्वारी. भाकरीवर पोरगी वाढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ज्वारी दळायची गिरणीत, आणि गिरणीत दिवसभर गहूच गहू. दळणाचं काम घरात माझं. मी गिरणीवाल्या चाचांना अडचण सांगितली. चाचा म्हातारे, मोठ्या मनाचे. म्हणाले, "मास्तर, तुमी फिकर नका करू. सोमवारी संध्याकाळी मी जातं खोलतो, साफ करतो. मंगळवारी सकाळी पयलं दळण तुमचं." आणि त्यांनी ते केलं. माझ्याकडून त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत.

पहिल्या मंगळवारी मी सातला गिरणीत पोचलो. जातं खरोखर ब्रशनं लख्ख केलेलं होतं. चाचांनी बटण दाबलं, डोळे मिटले, बिस्मिल्ला म्हटलं आणि कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर गहू घेऊन जात्यात सोडले. पीठ खाली आलं ते त्यांनी कागदावर घेतलं आणि भिंतीशी मुंग्यांना टाकलं. रोजची रीत. मग म्हणाले, "हां मास्तर, ओता तुमची ज्वारी."

मी ओतली.

काय करायचं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं, हे आज लिहितो. मूठभर गव्हाचं पीठ जात्याच्या खाचांत राहतं आणि पुढच्या दळणात उतरतं, हे समजायला शिक्षक असावं लागत नाही. पण त्या माणसानं आदल्या संध्याकाळी माझ्यासाठी जातं खोललं होतं. त्याच्या सकाळच्या पहिल्या मुठीला मी कसा हात लावू? मला भीड पडली. पुढच्या मंगळवारी सांगू म्हटलं. पुढच्या मंगळवारी वाटलं, मागच्या वेळी का बोलला नाहीत असं विचारतील. तिसऱ्या मंगळवारी मी मनाला समजावलं की मूठभर म्हणजे काहीच नाही. मग मी चाचांची मूठ आत जाईपर्यंत बाहेर स्कूटरपाशी थांबायला लागलो.

असं दीड वर्ष चाललं.

मुलगी सुधारेना. वजन एक किलो वाढायचं, दीड किलो उतरायचं. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोय." बायकोनं मसाले बदलले, भांडी वेगळी केली, माझ्या पोळ्या घरात लाटणं बंद केलं. दळण साफ जात्यावरचं, म्हणून तिच्या मते एकच शंका उरली. ती म्हणाली, "अहो, पोरगी चोरून खाऊन राह्यली."

मी काही बोललो नाही. फक्त गप्प राहिलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. मी मुलीचं दप्तर तपासलं. भूगोलाच्या पुस्तकात बिस्किटाचा एक रिकामा कागद निघाला, नखानं सपाट केलेला.

"हे काय आहे?"

"मैत्रिणीचा होय बाबा. वास घ्याले ठेवला."

"खरं बोल."

"खरंच. आईच्या गळ्याची शप्पत."

तीन दिवस आम्ही दोघं तिला विचारत होतो. रागावून, जवळ घेऊन, परत रागावून. तिसऱ्या दिवशी ती दारापाशी उभी होती, शाळेचे बूट घातलेली, आणि खाली बघत म्हणाली, "हाव. खाल्ले. दोन खाल्ले."

ती खोटं बोलत होती. वर्गात वीस वर्षं पोरांची तोंडं पाहिलेल्या माणसाला ते दिसलं. आणि मी तिला म्हणालो, "पाहिलं? खरं बोललं की माणूस मोकळं होते."

पुढे बायकोनं घरघंटी आणली. तिच्या माहेरच्या कुणीतरी सुचवलं म्हणून. तिच्यात गव्हाचा दाणा कधी गेला नाही. पाच-सहा महिन्यांत मुलीच्या रिपोर्टमधले आकडे उतरले, गाल भरले, पुढे दोन वर्षांची उंची एका वर्षात आली. बायको पाहुण्यांना हसून सांगायची, "चोरून खानं सोडलं बाईनं, तवा सुधारली." मुलगीही हसायची. मी पाणी आणायला आत जायचो.

मधे एकदा चाचांना मी ते सांगितलं. ते तेव्हा गिरणी मुलावर सोपवून बाजेवर बसलेले असत. ऐकून म्हणाले, "मास्तर, येक लफ्ज बोलले असते. बरकत काय गव्हातच असते? मी ज्वारीची मूठ टाकली असती."

त्यांना सांगितलं, पण घरी नाही. घरी सांगायला आणखी तीन वर्षं गेली.

मुलगी आता पुण्याला शिकते. गेल्या पावसाळ्यात मी चिखलीला गेलो होतो. तिथं आता एका दुकानात ग्लूटेन-फ्रीचा वेगळा कप्पा आहे. ज्वारीच्या शेवया, नाचणीची बिस्किटं, भगरीचं डोशाचं पीठ. तिच्यासाठी बिस्किटं घेतली आणि सवयीनं पुडा उलटा केला. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की याच कारखान्यात गव्हाचे पदार्थही बनतात. दुकानदार म्हणाला, "ते कायद्यानं लिहा लागते सर, तसं काही नसते." मी पुडा परत ठेवला. ज्यांनी माझ्या मुलीला कधी पाहिलंही नाही त्या लोकांनी ते छापलं होतं. मी बाहेर आलो आणि स्कूटरला टेकून तिला फोन लावला.

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी खाल्लं नव्हतं ना बाबा?"

"नाही."

"मले वाटाले लागलं होतं, झोपेत उठून खात असन. आईच्या पदराले हात बांधून झोपत होती मी. उठली तर आईले समजाव म्हणून."

मला ते माहीत नव्हतं. पदराची गाठ बायकोनं पाहिली होती. तिला वाटलं, पोरगी घाबरते.

"आईले सांगतलं?" मुलीनं विचारलं.

"नाही."

"आज सांगा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सांगितलं. बायको ज्वारी निवडत होती. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "माह्या गळ्याची शप्पत घेतली होती लेकरानं," एवढंच ती म्हणाली. नंतर पंधरा-वीस दिवस माझं ताट वाढून ठेवलेलं असायचं, ती समोर नसायची.

दिवाळीला मुलगी चार दिवस आली. येताना तिनं पुण्याहून ज्वारीच्या पिठाची बंद पाकिटं आणली होती आणि स्वतःचा लहान तवा. बायको म्हणाली, "घरघंटीत गहू नाई गेला वं कधी."

"माहीत हाय आई. राहू दे थोडे दिवस."

चारही दिवस तिनं आपल्या पिठाच्या भाकरी आपल्या हातानं थापल्या. आमच्यात बसूनच जेवली. निघताना बायकोनं चिवड्याचा डबा दिला. मुलीनं झाकण उघडून विचारलं, तिखट कुठलं, शेव घरची का बाहेरची, ज्या तेलात तळलं त्यात आधी काय तळलं होतं. बायको एकेक सांगत गेली. मी तिथेच उभा होतो, तिची पिशवी धरून. तेल मीच आणलं होतं, पोहेही मीच. मला तिनं काही विचारलं नाही.