सावली बुडते त्या दिवशी, घाटंजीच्या तांड्यावर

"सावली बघायले कोणी भर मे महिन्यात जाते का? लोक सावलीत बसायले जातात!" गाडीत पाण्याचे कॅन ठेवता ठेवता आमचे हे कुरकुरत होते. त्यांचं तरी काय चुकलं? पारा पंचेचाळिसाला टेकलेला, आणि आम्ही पुसदहून निघालो होतो घाटंजीकडच्या एका तांड्यावर, भरदुपारी उन्हात उभं राहायला. पण मी हट्टाला पेटले होते, आणि हट्टाचं कारण त्यांनाही ठाऊक होतं.

तुम्हालाही सांगून टाकते. मी भूगोलाची शिक्षिका, या महिनाअखेरीस निवृत्त होतेय. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना ठणकावून सांगितलं, की दुपारी बारा वाजता सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. वीसेक वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात बबिता नावाची वसतिगृहातली मुलगी उभी राहिली. "मॅडम, रोज नाही जात. आमची याडी सांगते, सावली सालात दोनच दिवस पुरी बुडते." याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. मी फटकन म्हणाले, "भूगोल तुझी आई शिकवते का मी?" वर्ग खदाखदा हसला. बबिता खाली बसली, आणि पुढची दोन वर्षं तिने माझ्या तासाला हात वर केला नाही.

गेल्या वर्षी कुठेतरी 'शून्य सावली' हा शब्द वाचला आणि मला दरदरून घाम फुटला. पृथ्वीचा आस कललेला. त्यामुळे कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या कुठल्याही गावी सूर्य अगदी माथ्यावर येतो तो वर्षातून फक्त दोन दिवस. तेसुद्धा बाराला नाही, कारण आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेली. आमच्या भागात मे महिन्यात खरी मध्यान्ह होते सव्वाबाराच्या सुमारास. आस, अक्षांश, रेखांश हे सगळं मीच शिकवत होते हो! नुसती मान वर करून बघितलं नव्हतं. जुन्या विद्यार्थ्यांकडून बबिताचा नंबर मिळवला आणि "सावली बघायला येऊ का" एवढंच विचारलं. माफीचं फोनवर बोलायचा धीर झाला नाही.

पुसदला तो दिवस आदल्या दिवशीच होऊन गेला होता. मी मुद्दाम गच्चीवर गेले नाही. पहिल्यांदा बघायचा तो तिच्याच तांड्यावर, असं ठरवलं होतं.

सकाळी सहाला निघालो. दिग्रस, आर्णी करत घाटंजी. थांबत थांबत तीन तास धरा. रस्ता बहुतेक चांगला आहे, तांड्याकडे वळल्यावर मात्र खडी आणि फुफाटा. आर्णीला गरम आलुबोंडे आणि चहा, दोघांचं शंभराच्या आत भागलं. जाणार असाल तर घाटंजीच्या बाजाराचा दिवस टाळा, डोक्याला दुपट्टा बांधा आणि पाणी लागेल त्याच्या दुप्पट घ्या. वाटेत सागाचं जंगल पार निष्पर्ण झालं होतं, आणि एका मोकळ्या पटांगणात तेंदूपत्त्याचे पुडे रांगेने वाळत टाकले होते.

बबिता फाट्यावर न्यायला आली होती. पस्तिशीची, चेहरा तसाच शांत. "या मॅडम," म्हणाली आणि वाकून नमस्कार करायला लागली. मी तिचे हात धरले, पण बोलायचं ते राहूनच गेलं. तिची आई सकरीबाई कपाशीची वाळकी पऱ्हाटी उपटून मोकळ्या केलेल्या वावरात आमची वाटच बघत उभी होती. सत्तरी ओलांडलेली, पायात चप्पल नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात मजुरी केली. बायांना जेवणाची सुट्टी कधी द्यायची, हे तीच सांगायची, स्वतःची सावली स्वतःच्या पावलांनी मोजून. रोज मोजता मोजता तिला कळलं होतं, की भरदुपारची सावली मे महिन्यात बोटाबोटाने आटत जाते आणि एक दिवस संपते.

"मंग उद्यापासून भरदुपारची सावली तिकडं पडते," तिने दक्षिणेकडे हात केला. "दोन महिने. मंग अजून एक डाव बुडते, पन तो दिवस आभाळातच जाते."

मी थक्क झाले. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या टिपणवहीत ही दक्षिणेकडची सावली कुठेही नव्हती.

आम्ही जमिनीत एक सरळ तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी रोवली, ओळंबा लावून. बाराला ह्यांनी घड्याळ दाखवलं. "बारा वाजले. सावली तर आहे!"

"सूर्य काय घडीले इचारून येते का?" सकरीबाई म्हणाली. "थांबा जरा."

तेवढ्यात एक ढग आला. खरंच सांगते, मला रडू यायचं बाकी होतं. बारा पाच. बारा आठ. आज हुकलं तर निवृत्तीआधी हे जमणार नव्हतं, आणि जुलैत आभाळ. बबिता माझ्याकडे बघत होती, परीक्षेला बसलेल्या मुलीकडे आपण बघतो तशी. मग ढग सरकला, आणि तुऱ्हाटीच्या बुडाशी उरलेली ती बोटभर सावली आमच्या डोळ्यांसमोर आक्रसत गेली. नखाएवढी झाली. मग नव्हतीच. काठी उभी, आणि तिला सावली नाही! माझे हात, ह्यांची टोपी, सकरीबाईचा पदर, सगळ्यांच्या सावल्या पायांशी गोळा झालेल्या. बबिताने मला ओढत विहिरीशी नेलं. एरवी दुपारीसुद्धा तळाशी एका कडेला काळोख असतो म्हणे. त्या क्षणी कोरडा तळ कडेपासून कडेपर्यंत उजळला होता, त्यातला खडा न् खडा दिसत होता.

अंगावर सर्रकन काटा आला. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका ग्रीक ग्रंथपालाने अशाच एका विहिरीबद्दल ऐकलं, त्याच दिवशी आपल्या गावच्या काठीची सावली मोजली, आणि तो फरक नि दोन गावांमधलं अंतर एवढ्यावरून अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला. काल पुसद, आज हे वावर, उद्या यवतमाळ. एवढा मोठा सूर्य गावागावाच्या माथ्यावरून सरकत उत्तरेला चालला होता, आणि ते मोजायला माणसाला एक काठी पुरली. सकरीबाईला तर तीही लागली नव्हती.

तिथेच, विहिरीच्या काठावर मी म्हणाले, "बबिता, त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी चुकले. अख्ख्या वर्गाला तुझ्यावर हसवलं, मला माफ कर."

ती विहिरीत डोकावत म्हणाली, "मले तवाच मालूम होतं मॅडम, मी बरोबर आहो. पण पेपरात तुमचंच उत्तर लिहिलं. पास व्हाचं होतं ना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अन् घरी येऊन याडीले म्हटलं, तू खोटी आहेस. मॅडम म्हणते."

मी आमच्या मागोमाग आलेल्या सकरीबाईकडे बघितलं.

"मंग मी पोरीले काही सांगितलंच नाही," ती सहज म्हणाली. "म्हटलं, शाळेतलं मोठं असन."

मला हुंदका आवरेना. मी तिचे पाय धरले. मातीने भेगाळलेले ते पाय तिने झटकन मागे घेतले. "उठा वं बाई, ऊन लागन तुमाले. चला, भाकर खाऊन घ्या." चून म्हणजे आपलं पिठलं, भाकर आणि कैरीचा तक्कू वाढताना ती बबिताला तिच्या बोलीत काहीतरी सांगत होती, आणि बबिता लहान मुलीसारखी एकामागून एक प्रश्न विचारत होती. सावलीचंच चाललं होतं.

परत येताना हे कुरकुरले नाहीत. घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. हातपाय धुतले आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहायला बसले: दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो असं मी तुम्हाला शिकवलं, ते चूक होतं. तो आपल्या गावी वर्षातून दोनच दिवस माथ्यावर येतो, आणि मधले दोन महिने भरदुपारची सावली दक्षिणेला पडते. आपल्या मुलांना असंच सांगा. आणि त्यांनी विचारलं, तुला कोणी शिकवलं, तर माझं नाव नका घेऊ. सांगा, बबिताच्या आईने.