जळलेली क्लचप्लेट

काल हिंजवडीच्या गर्दीत कुणाच्या तरी गाडीची क्लचप्लेट जळत होती. त्या करपट वासाने मला पौडजवळचा एक चढ आठवला.

आई तेव्हा नुकतीच गाडी शिकली होती. बाबा शेजारी, मी मागे. अर्ध्या चढावर इंजिन नुसतंच किंचाळायला लागलं, गाडी मात्र पुढे सरकेना. खालून धूर आला. माणसं जमली आणि त्यांच्यासमोरच बाबा ओरडले, "जाळलीस नव्हं प्लेट! बायामाणसाचं काम न्हाई हे. उतर खाली."

आई पदर सावरत उतरली. पुन्हा तिने स्टिअरिंगला हात लावला नाही.

आता मी रोज गाडी चालवते. प्लेट अशी एका चढात जात नाही. त्या चढाआधी कित्येक महिने पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्याशिवाय ती गाडी हलतच नव्हती; प्लेट आधीच झिजली होती, कारण चालवताना बाबांचा डावा पाय कायम क्लचवर असायचा.

पुढच्या वर्षी आईचे वडील कासारसाईला अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला. बाबा बाहेरगावी होते. दुरुस्त झालेली गाडी दारात उभी होती आणि आई पायरीवर बसून त्यांची वाट बघत होती. आम्ही पोचलो तेव्हा आजोबांना स्मशानात नेलं होतं.