दुबईचं नाव घेतलं काय?

तेलुगू मुलखाच्या कडेला असलेल्या आमच्या बाजारहत्नूरकडे जो कोणी विमानात बसला तो दुबईलाच गेला. मग तो उतरो कुवेतला, मस्कतला नाही तर आणखी कुठे. गावाच्या मते समुद्रापलीकडे एकच गाव होतं. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, असेच 'दुबईला' गवंडीकामाला गेलेले. खरं तर ते सौदीत होते. हे मला पक्कं ठाऊक, कारण पाकिटावरचा इंग्रजी पत्ता मीच लिहायची. आत्याला अक्षरओळख नव्हती. तिचा जन्म मुधोळकडे लोकांच्या शेतात कापूस वेचण्यात गेला होता.

मी सातवीत होते. संक्रांतीची सुट्टी लागली. आम्ही बौद्ध, घरी संक्रांत नव्हती. पण शाळा बंद राहते म्हटल्यावर त्या सणाशी माझं काही भांडण नव्हतं. आत्या आमच्याकडे राहायला आली आणि त्याच आठवड्यात आखातात लढाई जुंपली. थंडी अशी, की खोबरेल तेलाची बाटली चुलीपाशी ठेवल्याशिवाय डोक्याला तेल मिळायचं नाही.

बाबांनी आईला आणि मला मागच्या अंगणात नेऊन दम दिला. "तिच्यापुढं सौदी-बिदी काढू नका. दुबईत लढाई नाई. तिच्यासाठी दुबईच राहू द्या."

आता रेडिओची गंमत सांगते. मराठी बातम्यांना आमच्याकडे नुसती खरखर. तेलुगू मात्र घरात येऊन बोलल्यासारखी स्वच्छ. बाबा मराठी शाळेत मास्तर, त्यांचं तेलुगू बाजाराच्या पुढे जात नव्हतं. आईचं तेवढंही नव्हतं. मला मात्र, पोरीला पुढे नोकरी लागावी म्हणून, तेलुगू शाळेत घातलेलं. म्हणजे त्या सुट्टीत अख्खं जग माझ्या तोंडून घरात शिरायचं. बारा वर्षांच्या पोरीच्या हाती एवढी सत्ता देऊ नये, हे मी अनुभवाने सांगते.

रोज सकाळी शेकोटीभोवती बसून सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. पहिले दोन दिवस मी इमानदारीने सांगितलं. तिसऱ्या दिवशी बातम्यांच्या शेवटी निवेदक 'चलि' म्हणाला. चलि म्हणजे थंडी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी सांगून टाकलं, "थंडी लई वाढणार हाय. सरकार म्हणते, पोरायले सकाळी आंघोळ घालू नका."

"सरकारले तुह्या आंघोळीची काऊन पडली?" आईने विचारलं.

"साऱ्या जिल्ह्यासाठी हाय," मी म्हणाले.

आत्याने माझी बाजू घेतली, आणि मी चार दिवस पाण्याला शिवले नाही. मग माझी हाव वाढली. मला भजी हवी होती. मी बातमी दिली, की लढाईपायी तेल मिळेनासं होणार. माझा हिशोब असा, की आई म्हणेल, आहे तोवर तळून खाऊ. आईने तेलाचा डबा पेटीत घालून कुलूप लावलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दोन दिवस वरणाला फोडणीसुद्धा नाही. आत्या मात्र पदरात तोंड घालून हसत होती.

प्रत्येक बातमीनंतर तिचा एकच प्रश्न असायचा. "दुबईचं नाव घेतलं काय वं?"

"नाई घेतलं, आत्या."

तेवढं एक मी खरं सांगायची. ती मान हलवायची आणि शेंगा सोलायला बसायची. तिला फसवणं किती सोपं, असं मला वाटायचं. बाबांनाही तसंच वाटत असावं.

मग एका सकाळी निवेदकाने सौदीचं नाव तीनदा घेतलं. तिथल्या एका शहरावर क्षेपणास्त्र पडलं होतं. माणसं मेली होती. कुठली माणसं, ते सांगितलं नाही. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

"आज काई विशेष नाई," मी म्हणाले. "तहाचं बोलणं चालू हाय."

त्या दिवशी आत्याने दुबईचं विचारलं नाही. बाबा रेडिओचे सेल उन्हात ठेवायला गेले, आई पाण्याला गेली. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता हळूच म्हणाली, "सौदीत काय झालं वं?"

"तुले कोनं सांगतलं सौदी?"

"कोन सांगन? त्यायनंच सांगतलं जातानी. लोकं दुबई म्हणतीन, म्हणू दे म्हणे." तिने एक शेंग सोलली. "मले तेलगू नाई येत, बाई. पन सौदी त सौदीच रायते ना. तेवढा एकच शब्द मले कळते त्या रेडिओतला. आज तीनदा म्हणला तो."

"मंग तू रोज दुबईचं काऊन विचारत होती?"

"तुमी सारे मले जपून राह्यले होते. मी सौदी म्हणलं असतं, त तुह्या बापाले जेवन गेलं नसतं."

मला इतकी लाज वाटली, की रडूच फुटलं. रडत रडत मी सगळं सांगितलं, माणसं मेल्याचंसुद्धा. तिचे हात थांबले. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "कागद आन."

तिने सांगितलं तसं मी पत्र लिहिलं. चार ओळीच होत्या. जिवंत असाल तर कळवा, इथं थंडी हाय. मग मी पाकिटावर पत्ता घातला. सौदी लिहून झाल्यावर तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"हेच काय?"

"हो."

शाई ओली होती. अक्षर पसरलं आणि तिच्या बोटाला लागलं. मी दुसरं पाकीट आणायला उठले, तर तिने उठू दिलं नाही.

मामांचं उत्तर यायला दीड महिना लागला. तोवर मी एकही बातमी वाढवून सांगितली नाही.