आखाजीला बंद पडणारं नेटवर्क

ते आवार आठवलं की मला आधी कापूस दिसतो, माणसं मागाहून. एरंडोलच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्याला लागून कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग होतं. हंगाम सरत आला तरी तिथल्या हवेत तंतू तरंगत असायचे. केसांत, पापण्यांवर, चहाच्या कपात, आणि माझ्या कनेक्टरांच्या तोंडातसुद्धा. वैशाखाच्या दुपारी तिथे उभं राहिलं की आपण जाग्या आहोत की झोपेत, ते कळायचं नाही. मी तशी कामाची बाई, तंद्री लावून बसणाऱ्यातली नव्हे. पण त्या आवारात पाऊल टाकलं की डोकं कसं पिंजल्यासारखं हलकं व्हायचं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. जळगावात एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी कामाला होते. दुकानदार गिऱ्हाइकं आणायचा आणि मी वायरी ओढायचे. बाईमाणूस शिडीवर चढलंय म्हटल्यावर बघायला ही गर्दी. मी वरूनच सांगायचे, बघा बाबांनो, पण बघताबघता शिडी तरी धरा.

त्या जिनिंगच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला, काट्याच्या खोलीत एक. काट्यावर गाडीचं वजन झालं की ते तिथल्या कॉम्प्युटरवर टाकायचं आणि क्षणात ऑफिसात दिसायचं. ही सगळी मालकांच्या थोरल्या मुलाची हौस. मालकांना, म्हणजे आबांना, यातलं काही पटत नव्हतं. हाक मारली तर ऐकू जातं एवढ्या अंतराला वायर कशाला, असं त्यांचं म्हणणं. तसं चुकीचंही नव्हतं म्हणा.

त्या वेळची वायर काळी, गोल, टीव्हीच्या अँटेनाला असते तशी. एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, अशी एकाच माळेत गेलेली. माळेच्या दोन्ही टोकांना धातूची एकेक बोराएवढी टोपी बसवायची. नाव मोठं इंग्रजी होतं, आम्ही आपलं टोपीच म्हणायचो. दोन्हींतली एक जरी टोपी निघाली की सगळी माळ मुकी. तिन्ही कॉम्प्युटर धडधाकट, पण एकाचं दुसऱ्याला कळणार नाही.

आवारातून कापसाच्या उंच गाड्या जायच्या, म्हणून आमच्या दुकानदाराने ती वायर मधल्या निंबाच्या झाडावरून नेली होती. भेंडोळं कमी पडलं, तर गड्याने दोन तुकडे मध्येच जोडून दिले. तो जोड नेमका फांदीत बसला. मी तेव्हा दुकानात नव्हते, असते तर भांडले असते.

आता माझं घरचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, रसपोळी खातात. पण लेक आपली आपण उठून जात नाही. माहेराहून कुणीतरी न्यायला यावं लागतं, भाऊ नाहीतर बाप. त्याला मुराळी म्हणायचं. माझं माहेर धुळ्याचं. लग्नाच्या आदल्या वर्षी आई गेली. लग्न उरकल्यावर वडिलांनी घर सोडलं आणि ते सुरतेला काकांकडे राहायला गेले. भाऊ मला नाहीच. म्हणजे माझ्या दारात मुराळी यायचा प्रश्नच मिटला. आखाजीला आमच्या गल्लीतल्या सगळ्या सुना जायच्या, नणंदा घरी यायच्या, आणि मी पुरण वाटत बसायचे. सासूबाई वाईट नव्हत्या, पण एकदा सहज बोलून गेल्या, की तुझं बरं आहे बाई, तुला कुठे जायचंच नसतं. ते मला लागलं. आजही आठवलं की लागतं.

अशाच एका आखाजीला सकाळी जिनिंगमधून आबांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. मॅडम, नेटवर्क येतंय नि जातंय, गाड्या खोळंबल्यात. मी खरं सांगायचं तर पळालेच घरातून. पिशवीत पक्कड, कनेक्टर आणि अखंड वायरीचं नवं भेंडोळं टाकलं आणि धुळ्याची एसटी पकडली. गाडी लेकींनी भरलेली. कडेवर पोरं, हातात पिशव्या, डोक्यात मोगरा. कंडक्टरने मला न विचारताच धुळ्याचं तिकीट फाडायला घेतलं. मी म्हटलं, नाही हो, मी अलीकडेच उतरणार.

ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरपुढे बसले. काट्याच्या खोलीकडून उत्तर यायचं, जायचं. पुन्हा यायचं, पुन्हा जायचं. एका लयीत. असं बिघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून कर्र, कर्र असा आवाज येत होता, तो माझ्या कानावर पडत होता पण डोक्यात शिरत नव्हता. मग एकदम लक्षात आलं, की आवाजाची आणि पडद्याची लय एकच आहे. खिडकीतून पाहिलं तर निंबाला झोका बांधलेला आणि त्यावर दोन पोरी उभ्या राहून हेलकावे घेतायत. झोका पुढे गेला की फांदी वाकायची, जोडातली सुई सुटायची. झोका मागे आला की सुई बसायची. मला हसूच फुटलं.

आबांना हसू आलं नाही. त्यांनी सरळ गड्याला कुऱ्हाड आणायला पाठवलं. फांदीच काढून टाका, म्हणाले, दरवर्षीची कटकट नको. झोका थांबला. पोरी खाली उतरून एका कडेला उभ्या राहिल्या. घराच्या दारात अक्का होत्या, आबांच्या मंडळी. त्यांना दोन मुलगे, लेक नाही. दरवर्षी दुसऱ्यांच्या लेकींसाठी त्या हा झोका बांधायच्या. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू फांदी माझ्या मालकीची होती.

मी म्हटलं, आबा, फांदीचा काय दोष? दोष जोडाचा आहे. मी अख्खी वायर टाकते, खोडाच्या बाजूने नेते, थोडी सैल सोडते. मग गावभर झोके घेऊ द्या. आबा गुरगुरले, पुन्हा बंद पडलं तर?

"बंद पडलं तर मी येईन," मी म्हटलं. "जितक्या वेळा पडेल तितक्या वेळा येईन."

काम व्हायला दुपार टळली. खाली उतरले तेव्हा अंगाला निंबाचा कडू वास आणि कापूस चिकटलेला. अक्का शेजारी येऊन बसल्या आणि मी काय करते ते बघू लागल्या. शेवटी मी टोपी बसवली. त्यांनी विचारलं, हे काय? मी टोपी काढून त्यांच्या हातात दिली, कशी दाबायची, कसा पाव फेरा द्यायचा ते दाखवलं आणि सांगितलं, ही निघाली की सगळं बंद.

"इतलीशी टोपी," त्या म्हणाल्या, "आन् बठ्ठा कारभार हिनावर?"

माझी आई अशीच बोलायची, सगळ्याला बठ्ठा म्हणायची. घरात अहिराणी, बाहेर शुद्ध मराठी. ती गेल्यापासून माझ्याशी कुणी या बोलीत बोललं नव्हतं. मी मान फिरवून वायरी गुंडाळत बसले. बसची वेळ झाली म्हटलं, तर अक्कांनी हाताला धरून उठवलं.

"बस व पोरी झोकावर. वायर काय पळी जास का?"

बसले. पाठीमागून त्यांनीच झोका दिला. वर जाताना निंबाच्या पानांतून ऊन डोळ्यांवर यायचं, खाली येताना सावली. फांदी वाकत होती आणि मी सैल सोडलेली काळी वायर तिच्यासोबत संथ हलत होती, तुटत नव्हती. पोरी गात होत्या. त्यांचं गाणं, कापसाचे तंतू, आमरसाचा वास, सगळं एकात एक मिसळून गेलं. मी कुठल्या गावी आहे, कितवीत आहे, आई आत आहे की बाहेर, असं काहीबाही मनात येत होतं. असं सुख मला पुष्कळ दिवसांनी झालं होतं.

पुढल्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन. मॅडम, सगळं ठप्प. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर काट्याच्या खोलीतली टोपी गायब. पोत्यामागे सापडली. बसवली, सुरू झालं. अक्का म्हणाल्या, आता आलीसच तर सण करून जा. त्याच्या पुढल्या वर्षी ऑफिसातली टोपी निघाली. थोरला मुलगा म्हणायचा, उंदीर असतील. मी म्हटलं, दाबून पाव फेरा फिरवल्याशिवाय ती निघत नाही, तुमचे उंदीर फार शिकलेले दिसतात. मग माझा संशय झाडलोटीच्या बाईवर गेला. मग वावधनावर गेला, कारण वैशाखात आमच्याकडे वादळ कधी सुटेल सांगता येत नाही. मोठी इंजिनीयर मी! सगळीकडे संशय घेतला.

हंगाम सरलेला असायचा, काट्यावर चार गाड्यासुद्धा नसायच्या, तरी फोनवर घाई तीच. अक्का म्हणते उद्याच या. घरी सासूबाई कुरकुरायच्या, सणाच्या दिवशी कसलं मेलं काम? मी म्हणायचे, काय करणार, बंद पडलंय. कामाला जायला मुराळी लागत नाही. दरवर्षी झोका, दरवर्षी रसपोळी, आणि संध्याकाळच्या एसटीत मी, डोक्यात अक्कांनी माळलेला गजरा. नवरा एकदा हसून म्हणाला, तुझं ते नेटवर्क मोठं शहाणं दिसतंय, मुहूर्त बघून बंद पडतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग स्विच आला. शतक संपत आलं होतं. माळेचे दिवस गेले. आता प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी वायर, आठ बारीक रंगीत तारांची, टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा कनेक्टर. सगळ्या वायरी स्विच नावाच्या एका पेटीत येणार आणि पेटीवर हिरवे दिवे लुकलुकणार. माघातली गोष्ट, जिनिंग जोरात चालू होतं. मी जुनी काळी वायर निंबावरून उतरवली आणि नवी चढवली. काट्याचा कॉम्प्युटर जुनाट, त्याच्या पाठीला नव्या कनेक्टरचं भोकच नव्हतं. त्याच्यासाठी मुद्दाम एक ट्रान्सिव्हर आणला होता. काड्यापेटीएवढा डबा. एका बाजूने जुन्या मशीनला लागतो, दुसऱ्या बाजूने नवी वायर घेतो, आणि दोघांना एकमेकांचं बोलणं समजावून देतो.

अक्का नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता गुडघे दुखायचे त्यांचे. मी काढलेली जुनी टोपी त्यांच्या हातात होती. मी फुशारकीने सांगत होते, अक्का, आता कटकटच संपली. टोपी नाही, काही नाही. कुणी एखादी वायर उपटली तरी बाकीचं चालूच राहील. आता तुम्हाला माझी गरज पडायची नाही.

"म्हंजे टोपी काढी तरी बठ्ठा बंद पडाव नही?"

नाही पडणार, मी म्हटलं.

हातातल्या टोपीशी त्यांचा चाळा चालू होता. माझी नजर गेली. अंगठ्याने दाबायचं, पाव फेरा, सोडायचं. दाबायचं, पाव फेरा, सोडायचं. न बघता, सराईतासारखं. माझ्या हातातला ट्रान्सिव्हर हातातच राहिला.

"मंग आते तुले आखाजीले बलावू कशी?" अक्का म्हणाल्या.

खाली बसून ट्रान्सिव्हर लावला, हिरवा दिवा लागला, तो डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला मोठा आणि पसरट दिसला. इतकी वर्षं मी समजत होते की मी कामाला जाते. मी माहेरी जात होते, आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. निघताना अक्कांच्या पाया पडले. त्यांनी टोपी परत दिली नाही आणि मीही मागितली नाही.

वैशाख उजाडला. आखाजीच्या आदल्या दिवशी मी दुकानात फोनपाशी बसून होते. काम काही सुचत नव्हतं. फोन वाजायचा आणि दुसरंच कुणी असायचं. नेटवर्क चालू होतं, मीच तर इतकं चांगलं करून आले होते. स्वतःच्या हातांचा असा राग मला कधी आला नव्हता. संध्याकाळी घरी आले तर गल्लीतल्या सुना निघून गेलेल्या, घरात नणंदांचा गलका. पुरणाची डाळ भिजत घातली आणि झोपले.

आखाजीच्या सकाळी दारात जीप थांबली. थोरला मुलगा उतरला. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर गांधी टोपी, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला गजरा. मी दारातच उभी. सवयीने विचारलं, काय बंद पडलं?

"काही नाही ताई, सगळं चालू आहे," तो म्हणाला. इतकी वर्षं मॅडम म्हणायचा. "अक्काने न्यायला पाठवलंय."

आतून सासूबाईंनी विचारलं, कोण गं आलंय?

"मुराळी आलाय," मी म्हटलं.

त्या हात पुसत बाहेर आल्या, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला बसायला पाट टाकला. मी आत जाऊन पिशवी घेतली. तिच्यातली पक्कड काढून फळीवर ठेवली आणि दोन साड्या भरल्या.