अंबरनाथची सहल आणि कार्मिनच्या घरचे वडे

पाचूबंदरच्या बायका पडकी देवळं बघायला आगगाडीने जाणार, हे ऐकून जाळी सांधत बसलेले पुरुष पोट धरून हसले. पडक्या देवळांचा गावाला काय तोटा होता? वसईच्या किल्ल्याच्या तटाआत शिरलं की पावलापावलावर फिरंग्यांच्या वेळची देवळं उभी होती. छपरं गेलेली, कमानींतून पिंपळ फुटलेले. चर्चला इथली माणसं देऊळच म्हणत. मार्थामावशीने तर डेल्फिनला तोंडावर विचारलं, “गो टीचर, उंबऱ्यातलं मोडकं सोडून दादरला गाडी बदलून मोडकं बघाला जायाचं?”

पण शाळेत शिकवणाऱ्या डेल्फिनच्या मनाने घेतलं होतं. अंबरनाथचं शिवालय तिने पाहिलं होतं. काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं, शेकडो वर्षांचं ऊनपाऊस खाऊन मूर्तींची नाकंहात झिजलेलं. वसईला गाडीत बसायचं, दादरला पूल ओलांडून दुसरी गाडी धरायची, अंबरनाथला उतरून ओढ्याकाठी जायचं. तिथेच सावलीला बसून जेवायचं आणि दिवेलागणीला घरी. फादरांना विचारून झालं होतं. दगड बघायला जाताय, खुशाल बघून या, असं ते म्हणाले होते. मार्थामावशीची अडचण वेगळीच होती. जन्मभर मासळीची पाटी घेऊन सामानाच्या डब्यातून गेलेली बाई. पाटीशिवाय गाडीत चढलं तर आपला तोल जाईल, असं तिचं म्हणणं.

दिवस ठरला भांगाचा, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरती-ओहोटीचा. भांगात समुद्राला ओढ नसते, जाळ्यात फारसं काही येत नाही, म्हणून बायकांनाही बाजार नसतो. उधाणाच्या दिवसांत सहलीचं नाव काढलं असतं तर घराघरात भांडण झालं असतं.

हे सगळं ठरत होतं कार्मिनच्या अंगणात, आणि तिथेच कार्मिनची सून क्लेमेंटीन बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. सहलीला कोण येणार, कोण काय आणणार, हे डेल्फिन एकेकीला विचारत होती. क्लेमेंटीनला मात्र कुणी विचारलं नाही. डेल्फिन तिच्याकडे पाहून नजर वळवी आणि पुढच्या बाईला विचारी. क्लेमेंटीनलाही त्याचं काही वाटलं नाही. तिला आता कशाचंच काही वाटत नसे. बर्फातली कोळंबी सोलून सोलून बोटं बधिर होतात, काटा रुतला तरी रक्त दिसल्यावरच कळतं, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं.

तिचा नवरा लुईस गेल्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच हंगामात होडी घेऊन गेला आणि वादळात सापडला. होडी उलटी झालेली सापडली. त्याच्या बरोबरीच्या दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, गावाने त्यांना माती दिली. लुईस लागला नाही. गावाने महिनाभर वाट पाहिली आणि मनातल्या मनात त्याला पुरून टाकलं. कार्मिनने मात्र पुरू दिलं नाही. माझा पोऱ्या पान्यातला हाय, कुठल्यातरी बंदराला लागला असंल, येल, एवढंच ती म्हणे. मेलेल्यांची मिस्सा, देवळातली प्रार्थना, तिने होऊ दिली नाही. सुनेला काळं नेसू दिलं नाही. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. क्लेमेंटीनच्या आईने तिला माहेरी न्यायचं म्हटलं, तर कार्मिनने विहिणीला दारातच विचारलं होतं की नवऱ्याचं घर असताना ती माहेरी कशाला जाईल.

तेव्हा क्लेमेंटीन लाल लुगडं नेसून हिंडत होती. ना सवाशीण, ना रांड. बायका तिच्याशी बोलताना अडखळत, काय बोलावं ते त्यांना कळेना. तिला एकच हवं होतं. तो गेला, असं कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं. मग तिला काळं नेसून एका कोपऱ्यात बसता आलं असतं. पण ते म्हणायचा हक्क आईचा, आणि आई म्हणत नव्हती.

त्या दिवशी अंगणात कार्मिन घरातून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“माझ्या सुनंला इसरलात काय गो? तिला कोनी इचारलं नाय ते?”

डेल्फिन गडबडली. म्हणाली, तसं नाही, येत असेल तर चांगलंच आहे.

“येल ना. का नाय येनार? आनि वडे आमच्या घरचे. सगळ्यांना पुरतील येवढे.”

ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात वर्षभर तळण होत नाही, कढई चुलीवर चढत नाही, हे तिथे प्रत्येकीला ठाऊक होतं. वडे म्हणजे लग्नाचं, सणाचं खाणं. कार्मिन नुसते वडे देत नव्हती, ती गावाला बजावत होती. डेल्फिनने मान हलवली आणि पुढे पाणी कोण आणणार ते विचारलं. क्लेमेंटीनने पुढची जोडी दोरीवर टाकली. जायचं तर जायचं. दगड बघायचे, परत यायचं.

आदल्या दिवशी कार्मिनने पीठ भिजवलं. अबोलीची वेणी आणली, सुनेचं लग्नातलं लुगडं पेटीतून काढून उन्हात टाकलं. दिवसभर ती बडबडत होती. गाडीत खिडकीशी बस, मार्थाच्या नादी लागू नको, मूर्तींना हात लावू नको, लोक रागावतील. क्लेमेंटीन हो हो म्हणत राहिली.

पहाटे क्लेमेंटीन वेणी माळून चुलीपाशी आली तेव्हा कढईत तेल तापलं होतं. कार्मिनने केळीच्या पानावर वडा थापला, हातावर घेतला, आणि तशीच बसून राहिली. तेलातून धूर यायला लागला.

“तू सोड,” कार्मिन म्हणाली.

“तूच सोड ना, आये. तुझा लेक जिता हाय ना.”

क्लेमेंटीनने टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. जे रोज ऐकत होती तेच बोलली होती. कार्मिनचा हात कढईवर गेला आणि परत आला. मग तिने वडा पानावर ठेवला, दोन्ही हातांनी पदराचं फडकं धरून कढई उतरवली आणि भुईवर ठेवली.

क्लेमेंटीन त्या कढईकडे बघत राहिली. लुईसची होडी गेल्यापासून या घरात बोंबीलसुद्धा तळला नव्हता. रोज कालवण, नाहीतर भाजलेला सुका. ती रोज जेवली होती आणि तिला ते दिसलं नव्हतं. गावाशी भांडून आलेली ही बाई घरात आपल्या लेकाचा दुखवटा एकटीच पाळत होती.

कार्मिन म्हणाली, “बायांना सांग, वडे नाय. आनि तशीच फादरकडं जा.” मग तिने हात वर करून सुनेच्या केसातली वेणी आपल्या हाताने काढली.

बसथांब्यावर बाया जमल्या होत्या. मार्थामावशीची नजर आधी क्लेमेंटीनच्या रिकाम्या हातांवर गेली.

“वडे नायत, मावशी. आमच्या घरात कढई चढत नाय.”

डेल्फिन म्हणाली, आपण सहल पुढे ढकलू. क्लेमेंटीन म्हणाली, नको, जावा, दिवस वाया जाईल. तिला त्यांचं थांबणंही नको होतं आणि जाणंही. बस आली. मार्थामावशीने चढता चढता तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली.

फादर नुकतेच मिस्सा आटोपून आले होते. क्लेमेंटीनने सांगितलं, लुईससाठी मिस्सा पाहिजे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारायचं ते विचारलं. सुखरूप यावा म्हणून, की मेलेल्यांसाठी?

“मेलेल्यांसाठी,” ती म्हणाली.

हा शब्द तोंडातून गेला की रडू फुटेल, असं तिला इतके दिवस वाटत होतं. फुटलं नाही. दारात ऊन आलं होतं, त्यात मुंग्या चालल्या होत्या, त्या ती बघत राहिली. गावात कुणी गेलं की देवळाची घंटा संथ वाजवतात. ती आत्ताच वाजवायला सांगू का, असं फादरांनी विचारलं.

क्लेमेंटीन दाराकडे वळली.

“आय घरात एकटी हाय,” ती म्हणाली. “मी पोचते. मंग वाजवा.”